आजीच्या हाडातली आळशी पोरं

आज प्लास्टर निघणार म्हणून मी कोरियातल्या जेजू बेटावर हाडांच्या दवाखान्यात खुशीत बसले होते. शेजारी समुद्रात बुड्या मारून शंखशिंपले काढणारी एक आजी, कुबड्या टेकून, आणि तिची नात.

"ऑपरेशन नको म्हटलं ना, दासोम!"

"हाड जुळलं नाही, तर पाण्यात कशी उतरशील?"

"आणि ऑपरेशनमध्ये हाडात घालणार ते औषध करणार काय?"

"हाडात मूळपेशी रिकाम्या बसल्यात, आजी. औषधातला वाढीचा घटक त्यांना सांगतो, हाड बना."

"सांगितल्याशिवाय हलत नाहीत? तुझ्या बापावर गेल्यात!"

"पण फार सांगितलं, तर नको तिथंही हाड वाढतं."

"ही तुझी आई!"

"म्हणून तर मोजून देतात."

तेवढ्यात आजीचं नाव पुकारलं. ती कुबड्या सावरत ताडकन उठली.

"चल. डॉक्टरला म्हणावं, एकदाच सांग, पण माझ्यासारखं सांग!"