कोणाची थंडी जास्त

पोरं फॉरेनले गेल्याचं कौतुक मले नका सांगू. आमच्या दामूकाकाचा थोरला कॅनडात, धाकटा रशियात. काकाचं हार्टचं ऑपरेशन ठरलं, तर मीच दोघाइले एकत्र व्हिडिओ कॉल लावला.

थोरला म्हणे, “कसा येऊ बाबा? इथं बर्फानं एअरपोर्ट बंद हाये.”

धाकटा फिसकन हसला. “कॅनडात कसली थंडी? सायबेरियात ये, पापण्या गोठतात!”

“अरे जा! तुमची थंडी कोरडी. आमच्याकडं वारा हाडात घुसते.”

झालं, दोघं भांडतच राहिले. ऑपरेशन कधी हाये, हे एकानंही इचारलं नाही.

काकानं माझ्या हातातून फोन घेतला. “कोणाची थंडी जास्त, ते ठरवा निवांत. तोवर मी ऑपरेशन करून येतो.”