पराभवाची परी

नको, नको मावशी, स्कोअर सांगू नका — तो रेडिओ जरा बारीक करा — मला फक्त त्या सुक्या मासळीतलं एक माकूळ भाजून द्या, म्हणजे इथे उभं राहायला निमित्त होईल. तिकीट? आहे ना, पर्समध्येच आहे. पण मी बेसबॉल बघायला आत गेले की आपली टीम, आपले व्हेल्स, हरतात. हसू नका! लग्नाआधीपासून, दर वेळी. नवऱ्याने — उजिनने — नावच ठेवलंय माझं, पराभवाची परी. आत्ताही फाटकाशी म्हणाला, "परीबाई, आज जिंकलो तर फायनल, तू बाहेरच थांब." एरवी हसून म्हणतो, आज हसला नाही — मॅच मोठी आहे ना. मी शाळेत विज्ञान शिकवते बरं का — सध्या रजेवर आहे, ही कुशीतली सोयुल झाली म्हणून — मुलांना सांगते, एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. आणि स्वतः बघा, मैदानाकडे पाठ करून उभी!

ऐकलंत? "पोराला दे! पोराला दे!" — चेंडू प्रेक्षकांत आला वाटतं. आपल्या बुसानमध्ये झेललेला चेंडू शेजारच्या पोराला दिल्याशिवाय कुणाची सुटका आहे का? मागे एका सुटाबुटातल्या साहेबाने गुपचूप खिशात टाकायला बघितला, तर अख्ख्या स्टँडने सोलून काढलं त्याला! उजिन म्हणायचा, सोयुल चालायला लागली की तिला पुढच्या रांगेत बसवू, चेंडू आपोआप — चालायला लागली की.

नाही, झोपलीये. ओठ? हो, निळसर दिसतात — समुद्रावरचा गार वारा आहे ना — नाही, वारा नाही, मावशी. हृदयाचं आहे. गुरुवारी डॉक्टर रिपोर्ट सांगणार होते. त्यांच्या दाराशी उजिन म्हणाला, "तू बाहेरच थांब." याच सुरात. आणि मी थांबले! आई असून थांबले! वाटलं, मी आत गेले तर रिपोर्ट वाईट येईल — विज्ञान शिकवते हो मी. बाहेर आला, म्हणाला, सगळं ठीक आहे, एक छोटंसं ऑपरेशन, आणि रविवारी मॅचला जाऊ. एवढंच. तेव्हापासून घरात भांडण नाही, काही नाही. काल व्हेल्स हरले तर एक शिवी दिली नाही त्याने! पण ठीकच असेल ना? ठीक नसतं तर कुणी मॅचला आलं असतं का? सांगा ना. नको — नका सांगू.

मी मनाशी बोललेय — कुणाला सांगू नका, वेडी म्हणतील — आज व्हेल्स जिंकले तर सोयुल बरी होणार. म्हणून तर — अहो, ऐका! आपलंच गाणं! होम रन! आता सांगा, सांगा स्कोअर — चार धावांनी पुढे? नऊपैकी आठव्या डावात? मावशी, जिंकतोय आपण! बघा, मी आत गेले नाही तर —

थांबा. फाटकातून कोण येतंय ते? उजिन? छे, तो कसा असेल. दहा धावांनी मागे असलो तरी शेवटचा फलंदाज बाद होईपर्यंत जागचा न हलणारा माणूस. एकदा ताप अंगात घेऊन बसला होता. आणि आज, पुढे असताना — सगळे नाचतायत आत, आणि हा एकटाच — टोपी हातात — डोळे लाल — गुरुवारी डॉक्टरांच्या दारातून बाहेर आला तेव्हा होते तसेच —

काही नको मला, मावशी. जा तुम्ही. तिकडे गिऱ्हाईक उभं आहे, त्याच्याकडे बघा. माझ्याकडे बघू नका.