गोल झाला तेव्हा मी हसत होते

आदरणीय अध्यक्ष रघुनाथरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या शिट्टीला आजही अर्धं सौंसर दचकतं ते आमचे रेफरी मोतीरामजी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते फोटोग्राफर गुणवंता काकाजी, आणि संत्र्याचा तोडा अर्धवट टाकून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी रूपाली. आपल्या मुलींच्या फुटबॉल टीमची आज कोच आणि तेव्हाची गोलकीपर. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव आभारापुरतंच होतं. पण काकाजींनी काल अध्यक्षांना सांगितलं, "निरोप द्या, चहा पाजा, सत्कार मात्र नको. माझ्यापायी पोरींची फायनल गेली." ते ऐकून अध्यक्षांनी मला फोन केला. म्हणाले, "बाई, आता तूच समजाव. आमचं ऐकून नाही राहिला तो." म्हणून मी उभी आहे. काकाजी परवा मुलीकडे, तृप्तीताईकडे, नागपूरला चाललेत. सत्कार न घेता गेले तर ते आयुष्यभर तसंच समजत राहतील, आणि ते मला चालणार नाही.

काकाजींचा धंदा लग्नाचे फोटो काढायचा. आपल्या मैदानावर दिव्यांचे खांब उभे राहिले, संध्याकाळचे सामने सुरू झाले, आणि मंडळानं त्यांनाच बोलावलं. दुसरं कोण होतं? पहिल्याच सामन्यात आमच्या डिंपलनं गोल मारला तर हे धावत मैदानात आले आणि म्हणाले, "आखीन एकदा मारा जी, फोटो हुकला!" मोतीरामजी म्हणाले, "गुणवंता, हा गोल हाय, वरमाला नाही." हसू नका, मोतीरामजींनी तेव्हा पिवळं कार्ड काढलं होतं. फोटोग्राफरला!

पण माणूस शिकला. फ्लॅश मारला की कीपरच्या डोळ्यांपुढं काजवे चमकतात, हे कळल्यावर त्यांनी फ्लॅश घरी ठेवला. खांबांवरचे दिवे लुकलुकतात, म्हणे. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. त्यामुळं एका फोटोत पोरगी गोरी, तर पुढच्यात हळद लागल्यासारखी पिवळी. त्यावरही त्यांनी उपाय शोधला. उजेड चेहऱ्यावर कुठून चांगला पडतो ते पाहत मैदानाभोवती चकरा मारल्या आणि शेवटी गोलच्या जाळीमागं बैठक मारली. तिथून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या पोरींचे चेहरे झकास यायचे. एकटी मी पाठमोरी.

आणि मग ती पांढुर्ण्याशी फायनल. बरोबरीत चाललेली, थोडाच वेळ उरलेला. पांढुर्ण्याच्या पोरीनं लांबून एक मरतुकडा बॉल मारला. कोणीही अडवला असता. तेवढ्यात जाळीमागून आवाज आला, "रूपाली, इकडं पाय!"

आता मला सांगा, आमच्या आत्याचं लग्न, ताईचं लग्न, दोन्हीकडं हाच माणूस हेच ओरडला होता. 'पाय' म्हटलं की कॅमेऱ्याकडं पाहायचं, ही लहानपणापासून लागलेली सवय. मी वळले. नुसती वळले नाही, केस सारखे केले आणि हसले. बॉल माझ्या कोपराजवळून आत गेला. फोटो मात्र एक नंबर आला.

मग गावात बोलणी सुरू झाली. गुणवंताची सासुरवाडी तिकडची, म्हणून त्यानं पांढुर्ण्याला जिंकवलं. अहो, काकूंचं माहेर सावरगावचं! जाम नदीच्या दोन काठांवरून दरवर्षी गोटमारीला पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात, त्यातल्या सावरगावचा जावई पांढुर्ण्याचं भलं करेल का? एवढा तरी विचार करायचा! पण त्या दिवसापासून काकाजी मैदानावर बोलायचे बंद झाले. फोटो काढायचे, पण मुक्यानं. मी फायनलचं नाव काढलं की लेन्स पुसायला लागायचे. त्यामुळं पुढची गोष्ट त्यांना सांगायची राहूनच गेली.

ती फायनल माझा शेवटचा सामना ठरणार होती. माझे बाबा, देवीदासजी, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवे लागल्यावर पोरगी मैदानावर नको, ही टूर्नामेंट झाली की बस. सामन्यानंतर काकाजी तो फोटो घेऊन आमच्या घरी आले. अंगणातच म्हणाले, "देवीदासभाऊ, पोरगी नाही हरली, मी हरवलं." चहासुद्धा न घेता गेले. बाबा फोटो पाहत बसले. मग आईला म्हणाले, "हे अशी हासते? घरात तर कधी अशी नाही हासली."

आई पोळ्या लाटत होती. तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "तुम्ही पाहाले गेले होते कधी?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाबांनी मला विचारलं, "काहून बसून राहिली? तुह्या पोरी वाट पाहून राहिल्या असतीन ना?" एवढंच. मी बूट हातात घेऊनच पळाले. आज माझ्या हाताखाली पोरी तयार होतात, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन बापांशी बोलते. त्या संध्याकाळी मी तो बॉल अडवला असता तर आपण कदाचित जिंकलो असतो, आणि मी घरी बसले असते. काकाजी, आता तरी लेन्स पुसू नका. कॅमेरा खाली ठेवा आणि ऐका.

अध्यक्षमहोदय, आपला मान मोठा, पण एक विनंती आहे. काकाजींचा सत्कार आपल्याऐवजी माझ्या बाबांच्या हातून व्हावा. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. आता दिवे लागल्यावर कोणताही सामना चुकवत नाहीत. बाबा, या वर. काकाजी, ह्यांना नाही म्हणता येणार नाही तुम्हाला.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि काकाजी, फायनलमधली ती चूक तेवढी नागपूरला नेऊ नका. ती इथंच राहू द्या. मला ती फार कामी आली.