दगडी राणी आज निवृत्त होतात

आदरणीय अध्यक्षमहोदय, या निरोपाचा घाट ज्यांनी घातला त्या सांस्कृतिक मंत्री बाईसाहेब, राणींना न्यायला दूर देशाहून आलेल्या पाहुण्या आजी, संग्रहालयातले माझे सहकारी, रसिकहो, आणि हारामुळे जराशा अवघडलेल्या आपल्या सत्कारमूर्ती, दगडी राणी!

मी चौथ्या दालनाचा पहारेकरी. एकतीस वर्षं राणींच्या पायाशी स्टूल टाकून बसलो. दुपारी दालनात चिटपाखरू नसे, तेव्हा त्यांना शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचो. घरी सौभाग्यवती म्हणायच्या, "त्या दगडालाच ऐकवा, मला कपडे वाळत घालायचेत." राणींनी कधी जांभई दिली नाही. यापरता श्रोता कोणता?

पण त्या इथल्या नव्हेत. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच फौजेनं त्यांना त्यांच्या गावच्या वेशीवरून उपटून आणलं. गाववाले मागत राहिले, आपला कायदा म्हणत राहिला : संग्रहालयातली वस्तू बाहेर जाणार नाही. किती मंत्र्यांनी त्या एका ओळीपुढे हात टेकले!

बाईसाहेबांनी मात्र कारकुनाला विचारलं, "वस्तू जात नाही. कर्मचारी जातो का?"

"निवृत्त झाला की जातो, बाई."

"मग राणींना नेमणूक द्या. पद पहारेकरी. उभ्याच आहेत."

"अहो, वयाचा दाखला लागेल!"

डॉक्टर आले, गुडघे ठोकले, दात मोजले आणि लिहिलं : वय अंदाजे निवृत्तीला एक महिना कमी, प्रकृती टणक. महिनाभरात राणींनी एकही रजा घेतली नाही. आम्हा बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं.

आता नियम असा, की सहकाऱ्याचं गौरवपर भाषण संपल्याशिवाय कर्मचारी कार्यमुक्त होत नाही. ते भाषण माझ्या वाट्याला आलं. खरं सांगू? म्हणूनच मी इतका रेंगाळतोय. बाईसाहेबांची ही दुसरी चिठ्ठी : "आजोबा, ट्रक खोळंबलाय." पहिली मी खिशात घातली. मनात आलं, संपवलंच नाही तर? उद्या दुपारी मी कुणाला ऐकवू?

पण या पाहुण्या आजी मघापासून राणींवरून नजर काढत नाहीत. जन्मभर त्यांनी वेशीवरचा रिकामा चौथराच पाहिलाय. आणि मी माझ्या एकतीस वर्षांचं काय घेऊन बसलोय!

तेव्हा अध्यक्षांचे, बाईसाहेबांचे आणि शिडीवर चढून हार घालणाऱ्याचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर श्रोत्यांनी पोटात घालावं. राणी, तुमच्याकडे मागायची क्षमा मात्र फार मोठी आहे. ती मागायला आज हा एक पहारेकरीच उभा आहे.

हमालदादा, दोर लावण्याआधी त्यांना एकदा विचारा, "निघायचं ना?" मागच्या खेपेला कुणी विचारलं नव्हतं.

माझं भाषण संपलं.