रांगणारा बाण

आई: …मग लॅपटॉपवरचा तो बाण निघतो गं, फोन उचलायच्या हिरव्या बटणाकडे तरंगत तरंगत. जातो, जातो, जातोच. तोवर तू कंटाळून फोन ठेवलेला असतो.

मुलगी: म्हणून उचलत नव्हतीस? मला वाटायचं, तुला माझ्याशी बोलायचंच नाहीये.

आई: वेडी आहेस. त्या लॅपटॉपसमोर हात जोडायचे तेवढे बाकी होते माझे.

मुलगी: मग मोबाइलवर बोलायचं.

आई: त्यात तुझा चेहरा नखाएवढा दिसतो.

मुलगी: बघू दे. खरंच की. बोट सरकवलं तरी हा जागचा हलेना.

आई: स्वप्नात पळताना पाय उचलत नाहीत ना, तसं. दुपारी माझा डोळा लागतो, तेव्हाही तो आपला जातच असतो. कुठे, कुणास ठाऊक.

मुलगी: सेटिंगमध्ये टचपॅडचा वेग वाढवते. हं, फिरव आता.

आई: अगंबाई! चिमणीसारखा उडाला.

मुलगी: बंद करून परत चालू करू. उद्या मी गेल्यावर घोळ नको.

(लॅपटॉप पुन्हा सुरू होतो.)

आई: झालं. लागला रांगायला.

मुलगी: असं कसं? आत्ता तर वाढवला.

आई: ह्यांचा लॅपटॉप तो. जन्मात कधी दुसऱ्याचं ऐकलं ह्यांनी?

मुलगी: थांब. लॅपटॉपमधलं लिनक्स सुरू झालं की बाबांनी लिहिलेली एक ओळ आपोआप चालते. वेग पार तळाला नेते. बोट टेकवून क्लिक होणंही बंद. असं का केलं असेल?

आई: हात थरथरायचा ना. बोट टेकलं की भलतंच उघडायचं. तुला नव्हतं का अर्धंच वाक्य आलं, ‘इकडे सगळं’?

मुलगी: आलं होतं. मी विचारलं, सगळं काय?

आई: मग बराच वेळ खपून ह्यांनी लिहिलं, ‘ठीक’.

मुलगी: मला कुणी सांगितलं नाही. रोज तर बोलायचो आम्ही, समोरासमोर.

आई: कॅमेऱ्यात हात कुठे दिसतात?

मुलगी: ही ओळ पुसावी लागेल.

आई: पूस की. …काय गं?

मुलगी: त्यांच्या हाताचा वेग आहे हा, आई. ते गेल्यावर त्यांचं बाकी सगळं आवरून टाकलं आपण.

आई: त्यांना कुठे आवडायचा तो? शिव्या घालायचे त्याला.

मुलगी: पुसत नाही. ओळीच्या आधी एक खूण टाकते. मग ओळ तिथेच राहते, फक्त चालत नाही.

आई: असते, पण चालत नाही.

मुलगी: हो.

आई: मग टाक खूण.

मुलगी: टाकली. आणि परत चालू केला. फिरव. आणखी वाढवू?

आई: नको. एवढी घाई नाही मला. तू पलीकडच्या खोलीत जा आणि मला फोन लाव.

मुलगी: आत्ता? इथे शेजारी बसलेय मी.

आई: जा गं. आणि जरा वाजू दे.