समुदाय कोण?

राव, पुस्तिका लिहिणं सोपं असतं. ज्यांच्यावर लिहिली त्यांनाच वाचून दाखवली की फजिती होते.

रहाटणीतल्या एका चाळीची मागची भिंत आम्ही रंगवली. आम्ही म्हणजे मी आणि चाळीतल्या चौदा बायका. काम संपल्यावर मी इतर चित्रकारांसाठी छोटी पुस्तिका लिहिली: लोकांना सोबत घेऊन, कुणावर अन्याय न करता काम कसं करायचं. छापण्याआधी लोकांना वाचून दाखवा, असं मीच त्यात लिहिलं होतं. म्हणून रविवारी सगळ्यांना बसवून वाचायला लागलो.

"समुदायाचा सल्ला घ्या. समुदायाचा मान राखा. श्रेय समुदायाला द्या."

कमलमावशींनी हात वर केला. त्या मूळच्या लातूरकडच्या, तळवड्याला एका कंपनीत पॅकिंगला आहेत.

"दादा, ह्यो समुदाय कोण हाय?"

"म्हणजे?"

"भिंत घासली आमी, रंग दिला आमी. ह्यो तर एक दिवस बी आला न्हाई. मग सगळं त्याला कशापायी द्यायचं?"

मला हसू आलं. म्हटलं, "मावशी, समुदाय म्हणजे तुम्हीच सगळ्या."

"मग आमची नावं लिवा की. नावं हायेत आमाला."

मुद्दा बरोबर होता. पेन काढलं आणि पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली, लिहायला लागलो. सगळ्या वाकून बघत होत्या. नऊ नावं झाली आणि पेन थांबलं.

मावशींनी जरा वाट बघितली. मग मागे वळून म्हणाल्या, "राहिलेल्या पाच जणींनो, तुमी समुदाय बरं का."