टेस्टिंगचा माईक चालू राहिला त्याबाबत

नाव नोंदीत दिले आहे. सगळे मला भोंगावाली म्हणतात. वय ४९, धंदा सभा-समारंभांना माईक-स्पीकर भाड्याने देणे, राहणार बाजारामागच्या गल्लीत, दुकानाच्या वरच्या खोलीत. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ती हकीकत अशी.

वरील पत्त्यावर मी मुलीसोबत राहते. मुलगी सोळा वर्षांची असून तिचा तंत्रशाळेतला प्रवेश चालू आहे. सुट्टीला ती माझ्याबरोबर कामावर येते. मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकांचे आवाज कमी-जास्त करायचे यंत्र, ती माझ्यापेक्षा चांगले सांभाळते. हे आई म्हणून नाही, धंदेवाली म्हणून सांगते.

आज संध्याकाळी सार्वजनिक सभागृहात ‘मतदानाचे वय सोळा करावे काय’ यावर वादविवाद होता. व्यासपीठावरचे सगळे पन्नाशीच्या पुढचे. सोळा वर्षांच्या एकालाही बोलावलेले नव्हते. नवरदेवावाचून वऱ्हाड निघाले होते. लिहून घेणाऱ्या साहेबांनी मला म्हणी नकोत, घटना सांगा असे म्हटले. घटना हीच आहे.

सभेआधी मिक्सरजवळच्या टेस्टिंगच्या माईकवर ‘हॅलो, हॅलो’ करायचे आणि मग तो बंद करायचा, अशी आमची पद्धत. टेस्टिंग मी केले. माईक बंद करायचा राहिला, कारण अध्यक्षांनी हाक मारून मला त्यांची खुर्ची पंख्याखाली सरकवायला लावली. खुर्च्या सरकवणे माझे काम नाही. तरी माईकची चूक माझी, मुलीची नाही. हे वाक्य ठळक लिहावे.

नंतर अध्यक्ष बोलायला उभे राहिले. म्हणाले, “या वयात समज नसते. सोळा वर्षांच्या पोरांना साधा बल्ब बदलता येत नाही, ती काय देश चालवणार?” मुलगी मिक्सरवर होती. ती स्वतःशीच पुटपुटली, “काका, आधी माईक तोंडाजवळ धरा. मघापासून तुमचा आवाज मीच ओढून ओढून वर आणतेय.” ते सगळ्या स्पीकरांतून निघाले. सभागृह हसले. मागच्या रांगांतून टाळ्याही पडल्या.

अध्यक्षांचा पुतण्या तरातरा मिक्सरकडे आला आणि वायरी उपटू लागला. मुलगी म्हणाली, “दादा, थांबा, आवाज खाली घेऊ द्या, नाहीतर स्पीकर जातील.” त्याने तिला ढकलले. ती टेबलावर आपटली, तिचे मनगट सुजले, मिक्सर खाली पडून फुटला. मी मध्ये पडले तेव्हा माझा चष्मा त्याच्या पायाखाली गेला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण बोलले, आणि पुन्हा बोलेन.

सामान गोळा करून आम्ही इथे आलो तर अध्यक्ष आधीच येऊन खुर्चीत बसलेले. चोराच्या उलट्या बोंबा. त्यांची तक्रार अशी, की मुलीने पूर्ण समजून-उमजून सभा उधळली. मी त्यांना तोंडावर विचारले, “मघाशी तुम्हीच म्हणालात ना, या वयात समज नसते? मग समजून-उमजून कुठून आलं?” ते म्हणाले, “बाई, ती चर्चा होती.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चर्चा म्हणे! माझ्या पोरीचे मनगट काय चर्चेत सुजले?

इथल्या साहेबांनीही मुलीला, “सोळा वर्षांची घोडी झालीस, कळत नाही का?” असे म्हटले. हे लिहायला त्यांनी आढेवेढे घेतले. मी उठले नाही, तेव्हा लिहिले.

तक्रारीत मुलीचे नाव राहिले तर तंत्रशाळा तिला दारात उभी करणार नाही. म्हणून तिचे नाव काढावे, आणि ज्याने ढकलले त्याचे घालावे. माझी हीच मागणी आहे. फुटलेल्या मिक्सरचे मी नंतर बघून घेईन.

चष्मा नसल्याने मला अक्षर दिसत नाही. साहेबांना दुसरे काम निघाले, म्हणून त्यांनी मुलीलाच वाचून दाखवायला सांगितले. ‘त्याने तिला ढकलले’ याऐवजी ‘तिचा तोल गेला’ असे लिहिल्याचे तिने वाचताना दाखवले. मी सांगितल्याप्रमाणे ते दुरुस्त करून घेतले. आता जबाब माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. वाचणारीची सही खाली घ्यावी असे मी म्हटले. ती कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असल्याने तिची सही चालत नाही, असे साहेबांनी सांगितले. मग तिच्यावर तक्रार कशी चालते, असे मी विचारले. तो प्रश्नही लिहून घेतला आहे. सही माझ्या एकटीची आहे. कुठे करायची, ते मुलीने बोट ठेवून दाखवले.